तुळया कोणी वाहिल्या

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातले अकोमा हे गाव एका सरळ कड्याच्या माथ्यावर वसले आहे. कडा साधारण ११० मीटर उंचीचा. माथ्यावर झाडे जवळजवळ नाहीत, पाणी म्हणजे खडकातल्या टाक्यांत साठेल तेवढे पावसाचे, आणि भिंत घालायची तर मातीसुद्धा खालून वर न्यावी लागते. अशा जागी १६२९ ते १६४० च्या दरम्यान सान एस्तेबान देल रे हे चर्च उभे राहिले. देखरेख स्पॅनिश पाद्र्याची, अंगमेहनत अकोमाच्या लोकांची. छताच्या लांबलचक तुळया त्यांनी सुमारे तीस मैलांवरच्या माउंट टेलर या डोंगरातून खांद्यावर वाहून आणल्या. वाटेत एकही तुळई जमिनीला टेकू दिली नाही, असे तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत.

अकोमापासून शंभरेक किलोमीटरवर अल्बुकर्की हे शहर आहे. तिथल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात १९३६ साली प्रशासकीय इमारत बांधली गेली. आज तिला स्कोल्स हॉल म्हणतात. तिचे दोन बुरूज वास्तुकार जॉन गॉ मीम यांनी अकोमाच्या चर्चवरून घेतले. मीम यांना ते चर्च आतून-बाहेरून ठाऊक होते, कारण १९२० च्या दशकात झालेल्या त्याच्या दुरुस्तीत ते स्वतः गुंतलेले होते. बुरूज देखणे आहेत, याबद्दल वाद नाही. मातकट भिंती, गोलावलेले कोपरे, खोल खिडक्या आणि त्यांच्या मागे वाळवंटातले निळे आकाश असे ते दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते या दोन वास्तूंच्या मधल्या शंभर किलोमीटरांबद्दल आहे. वाळवंटातल्या या विद्यापीठाने आपला चेहरा एका जिवंत समाजाकडून घेतला, आणि घेताना त्या समाजाला दाराबाहेर ठेवले. आज या इमारतींच्या जतनाचा विषय निघतो तेव्हा गिलाव्याचा रंग, खिडक्यांची मापे, छताची उंची यांवर बोलले जाते. रंग आणि मापे जपणे सोपे आहे. बांधण्याचे शहाणपण जपणे त्याहून अवघड, आणि ज्यांचे ते शहाणपण त्यांचा त्या आवारावरचा हक्क मान्य करणे सर्वांत अवघड. माझ्या मते जतन या शब्दात या तिन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. पहिलीवर थांबणे हे अर्धे काम आहे.

(शहराच्या नावाशी आपली, विशेषतः गोव्याच्या वाचकांची, ओळख आहे. पण १७०६ मध्ये वसलेल्या या गावाला नाव दिले गेले ते न्यू स्पेनच्या तेव्हाच्या व्हाइसरॉयचे. १५१० मध्ये गोवा घेणारा आल्बुकर्क वेगळा. दोघांच्या नावांचे मूळ मात्र स्पेनमधल्या एकाच गावाकडे जाते.)

विद्यापीठाची स्थापना १८८९ ची. न्यू मेक्सिकोला तेव्हा राज्याचा दर्जा नव्हता. १८९२ साली गावाबाहेरच्या उजाड पठारावर पहिली इमारत उभी राहिली. लाल विटा, दगडी कमानी, उंच उतरते छप्पर. अमेरिकेच्या पूर्व भागात, जिथे पाऊस आणि बर्फ भरपूर, तिथे त्या काळी सगळीकडे अशाच इमारती होत होत्या आणि विद्यापीठ म्हटले की ती अशीच दिसली पाहिजे, अशी समजूत होती. वर्षाला जेमतेम २२-२३ सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एवढ्या मोठ्या उतरत्या छपराचे काम काय, हा विचार झाला नाही. पुढे त्या छपराच्या भाराने भिंतींनाच धोका निर्माण झाला.

१९०१ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले विल्यम टाइट हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. जमीन वाचण्याची सवय असलेला माणूस. त्यांनी आसपासची प्वेब्लो गावे, म्हणजे अकोमासारखी इथल्या मूळनिवासींची गावे, पाहिली आणि इथे उभे राहायचे तर इथल्यासारखे उभे राहिले पाहिजे, असे ठरवले. १९०६ मध्ये त्यांनी दोन वसतिगृहे प्वेब्लो घरांच्या धर्तीवर बांधवून घेतली. होपी या मूळनिवासी समाजाच्या भाषेतल्या शब्दांवरून मुलींच्या वसतिगृहाला होकोना म्हणजे फुलपाखरू-कुमारी, आणि मुलांच्या वसतिगृहाला क्वाटाका म्हणजे गरुड-पुरुष अशी नावे दिली. १९०८ मध्ये पहिल्या इमारतीचे ते धोक्याचे छप्पर उतरवून सपाट छत केले गेले, लाल विटांवर मातकट गिलावा चढला, बाहेर डोकावणारी तुळयांची टोके आली. आज तीच इमारत हॉजिन हॉल म्हणून उभी आहे.

टाइट यांची पुष्कळ थट्टा झाली. १९०९ मध्ये त्यांना पदावरून काढण्यात आले. त्यामागे इतरही भांडणे होती, पण इमारतींचे हे ‘रानटी’ रूप हे टीकेचे एक मोठे कारण होते, आणि ते समजण्यासारखे आहे. न्यू मेक्सिकोतले पुढारी वर्षानुवर्षे वॉशिंग्टनकडे राज्याचा दर्जा मागत होते. आम्हीही तुमच्यासारखेच आहोत, हे दाखवण्याची त्यांना घाई होती. अशा वेळी खुद्द विद्यापीठ मातीच्या गावासारखे दिसू लागले, तर ते कसे चालेल? दर्जा १९१२ मध्ये मिळाला. त्यानंतर चित्र उलटले. रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांना न्यू मेक्सिकोत जे ‘वेगळे’ पाहायचे होते ते हेच होते, हे ध्यानात आले; आणि ज्याची लाज वाटत होती तेच मिरवण्याजोगे ठरले. मधल्या काळात वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनीही या आवाराचा एक आराखडा केला होता. कॅनबेरा शहराची रचना करणारे हे ग्रिफिन पुढे लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी भारतात आले आणि १९३७ मध्ये लखनौतच वारले. त्यांचा आराखडा बाजूला राहिला. १९२७ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठराव करून प्वेब्लो शैली ही आवाराची अधिकृत शैली म्हणून स्वीकारली.

मग आले मीम. जन्म ब्राझीलमधला, मिशनरी कुटुंबातला, शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे. १९२० मध्ये क्षय झाला म्हणून ते सांता फे इथल्या आरोग्यधामात दाखल झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते; कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती एवढाच उपाय. ज्या हवेने त्यांना वाचवले, त्याच हवेत हजारभर वर्षे माणसे कशी राहत आली, हे त्यांनी जवळून पाहिले आणि बरे झाल्यावर तोच आपला व्यवसाय केला. १९३३ ते १९५९ या काळात त्यांनी या विद्यापीठासाठी तीसहून अधिक इमारती केल्या. त्यांतली १९३८ ची झिमरमन ग्रंथालयाची इमारत माझ्या मते अमेरिकेतल्या उत्तम सार्वजनिक वास्तूंपैकी एक आहे. महामंदीच्या काळात संघराज्य सरकारने रोजगारासाठी खुल्या केलेल्या निधीतून ती झाली. आत वाचनदालनांवर कोरीव लाकडी तुळया आहेत, पत्र्याचे नक्षीदार दिवे आहेत, भिंती अशा जाड दिसतात की बाहेरचा रस्ता विसरायला होतो. पुस्तकांचे मजले मागच्या मनोऱ्यात रचले आहेत आणि तो मनोरा वर जाताना पायरीपायरीने आत सरकतो, प्वेब्लो गावातल्या एकावर एक चढत्या घरांसारखा.

इथे शैलीच्या विरोधकांचा आक्षेप येतो आणि तो मी बाजूला सारणार नाही. ते म्हणतात, हे सगळे खोटे आहे. गिलावा खरवडला तर खाली माती नाही, सिमेंट-काँक्रीट आणि पक्क्या विटा आहेत. गोल कोपरे मुद्दाम गोल केलेले आहेत. मातीच्या भिंतीचा कोपरा पावसाने आणि हाताने झिजून गोल होतो, हा तसा झालेला नाही.

आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. माझे आजोळ मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराचे. तुळया, त्यांवर काटक्या-तुराट्यांचा थर, त्यावर हातभर माती. मृगापूर्वी माळवदावर खारी माती पसरून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, भिंतींना लिंपण द्यायचे. प्वेब्लो घराचे छत कसे रचतात हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा शब्द तेवढे स्पॅनिश वाटले, बाकी सगळे ओळखीचे होते. म्हणून त्या दुपारच्या गारव्याची किंमत मला माहीत आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाटही मला माहीत आहे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार झोपेत अंगावर आला आणि हजारो माणसे गेली. मातीवर प्रेम आहे म्हणून नऊ मजल्यांचा पुस्तकांचा मनोरा मातीत बांधा, असे मी कोणालाही सांगणार नाही. मीम यांनी आत काँक्रीट वापरले ही लबाडी नव्हती, ती जबाबदारी होती.

परंपराही आक्षेप घेणारे समजतात तेवढी सोवळी नाही. साच्यात पाडलेली कच्ची वीट प्वेब्लो मुलखात स्पॅनिशांनी आणली. त्याआधी तिथले लोक ओल्या मातीचे थर हाताने थापून भिंत चढवत. अशा कच्च्या विटेसाठीचा ‘अडोबी’ हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून पुढे गेला. अकोमाचे चर्च म्हणजे स्पॅनिश नकाशा आणि अकोमाचे हात. तेव्हा घेणे-देणे झाले म्हणून मी विद्यापीठाला दोष देत नाही. घेतले काय आणि सोडले काय, हे मात्र तपासले पाहिजे.

अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, त्यामुळे जमीन जशी तापते तशीच रात्री भराभर निवते. दिवस-रात्रीच्या तापमानात बारा-पंधरा अंशांचा फरक ही रोजची गोष्ट. हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठते. अशा ठिकाणी हातभर जाडीची मातीची भिंत दुपारचे ऊन आत पोचू देईपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा आतल्या माणसाला ती ऊब हवीच असते. अकोमाची घरे ओळीने दक्षिणेकडे तोंड करून, मजल्यागणिक मागे सरकत बांधली आहेत. हिवाळ्यातला कललेला सूर्य सरळ उभ्या भिंतींवर पडतो आणि त्या ऊन धरून ठेवतात. उन्हाळ्यातला सूर्य डोक्यावर असतो, तो पडतो गच्च्यांवर. एकाची गच्ची ती मागच्याचे अंगण. खिडकी लहान आणि खोल. सूर्य वर्षभरात कुठून कुठे सरकतो, हे पाहण्यात कित्येक पिढ्या गेल्या असतील, तेव्हा अशी एक ओळ तयार झाली.

आता विद्यापीठाचे आवार या नजरेने पाहा. मीम यांच्या इमारतींत यातले बरेच उतरले आहे. चौक आहेत, सावलीच्या पडव्या आहेत, बाहेरच्या झगझगाटातून आत येताना डोळ्यांना थांबायला जागा आहे. पण शैलीचा नियम जेव्हा नुसता रंगाचा नियम होतो, तेव्हा कोणतीही खोकेवजा इमारत मातकट रंगवून नियमात बसवता येते. तोंड पश्चिमेला, काच मोठी, भिंत पातळ, आत वातानुकूलन यंत्रांचा दिवसभर आवाज, आणि बाहेर प्वेब्लोचा रंग. अशी इमारत १९२७ च्या ठरावाचा शब्द पाळते आणि अर्थ मोडते. उलट २००७ मध्ये झालेली आंत्वान प्रीडॉक यांची पर्ल हॉल ही वास्तुशास्त्राच्या शाखेची इमारत पाहावी. ती मीम यांची नक्कल करत नाही, तिचे कोन धारदार आहेत, पण ऊन आणि सावली हा विषय तिने सोडलेला नाही. मला विचाराल तर पुढच्या प्रत्येक इमारतीला मंडळाने रंगाआधी हे विचारावे, की दक्षिणेचे ऊन तू कसे घेतेस आणि पश्चिमेचे कसे अडवतेस.

गिलाव्याचा एक धडा तर त्याच राज्यात मिळालेला आहे. ताओसजवळ रांचोस दे ताओस गावात सान फ्रान्सिस्को दे आसीस हे मातीचे चर्च आहे. दर वर्षी गावकरी जमून ते मातीने लिंपतात. १९६७ मध्ये हा दरसालचा व्याप वाचावा म्हणून त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला गेला. दिसायला तसेच, वर टिकाऊ. झाले असे की सिमेंटला भेगा पडून पाणी आत शिरले आणि तिथेच कोंडले. मातीचा लेप असता तर ओल बाहेर पडली असती. सिमेंटच्या आड भिंत आतून मऊ होत गेली आणि बाहेरून कळलेही नाही. अखेर १९७९ मध्ये तो गिलावा काढून गाव पुन्हा मातीकडे वळले. आजही दर उन्हाळ्यात लिंपण होते. त्या मुलखात लिंपणाचे काम पूर्वापार बायकांचे, आपल्याकडच्या सारवणासारखेच. ते चर्च टिकते ते दर साली माणसे हात लावतात म्हणून. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माणसे वगळून फक्त रूप राखायला गेले की काय होते, ते तिथे भिंतीच्या पोटात दिसले.

विद्यापीठाच्या बाबतीत माणसे कशी वगळली गेली, हे आता सांगायला हवे.

टाइट यांनी वसतिगृहांना होपी नावे दिली त्या काळात त्याच अल्बुकर्की शहरात आणखी एक शाळा चालू होती. अल्बुकर्की इंडियन स्कूल, स्थापना १८८१. प्वेब्लो आणि इतर मूळनिवासी मुलांना घरापासून दूर आणून तिथे ठेवत. केस कापत, नावे बदलत, स्वतःची भाषा बोलू देत नसत. म्हणजे एका टेकाडावर गोऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्वेब्लो घरासारखी वसतिगृहे उठत होती, आणि काही मैलांवर खऱ्या प्वेब्लो मुलांच्या मनातून प्वेब्लो घर पुसले जात होते. दोन्ही कामे शिक्षणाच्या नावाने चालली होती. या आवाराचा इतिहास सांगताना ही दोन वाक्ये एकत्र सांगितली जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

आवारात एस्तुफा नावाची एक छोटी, बिनखिडक्यांची वास्तू आहे. सांतो दोमिंगो गावातल्या कीवावरून ती टाइट यांच्या काळात बांधली गेली. कीवा म्हणजे प्वेब्लो गावातली धर्मकार्याची खोली. परक्याला तिथे प्रवेश नसतो. विद्यापीठात तिचा उपयोग झाला तो विद्यार्थ्यांच्या एका खासगी मंडळाच्या गुप्त बैठकांसाठी. बांधणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. त्यांना ती खोली आवडली असेल. पण दुसऱ्याच्या देवघराचा आकार आवडला म्हणून आपण त्यात आपली बैठक भरवत नाही, एवढे भान तेव्हा सुटले होते.

ग्रंथालय झाले १९३८ मध्ये. ज्यांच्या घरांवरून त्याचे रूप घेतले त्या लोकांना तेव्हा न्यू मेक्सिकोत मतदानाचा अधिकार नव्हता. तो मिळाला १९४८ मध्ये, इस्लेता प्वेब्लोच्या मिगेल त्रुहियो यांनी न्यायालयात लढा दिल्यावर. त्रुहियो शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलात होते, आणि याच विद्यापीठात शिकलेले होते. म्हणजे या आवारात पदवी मिळू शकत होती आणि बाहेर मत मिळत नव्हते.

ग्रंथालयाच्या भिंतीवर केनेथ ॲडम्स यांनी १९३९-४० च्या सुमारास चार चित्रे काढली. विषय न्यू मेक्सिकोतले तीन समाज. मूळनिवासी हस्तकला करताना, स्पॅनिश वंशाचे शेतीभातीत, आणि गोरे विज्ञानात. चौथ्या चित्रात तिघे एकत्र उभे आहेत; मधल्या गोऱ्या माणसाला निळे डोळे आहेत, दोन्ही बाजूंच्या माणसांना डोळेच काढलेले नाहीत. या चित्रांवर विद्यार्थ्यांनी अनेक दशके आक्षेप घेतला, १९७० च्या दशकात त्यांवर हल्लेही झाले, आणि २०१८ मध्ये ती झाकण्यात आली.

तो काळच तसा होता, असे म्हणून पुष्कळ लोक हा विषय मिटवतात. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण त्याच शहरातल्या मुख्य रस्त्यावर आहे. १९३९ च्या सुमारास तिथे मेझल नावाच्या मूळनिवासी कलावस्तूंच्या दुकानाची इमारत उभी राहिली. वास्तुकार तेच, जॉन गॉ मीम. त्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवरची चित्रे काढली मूळनिवासी चित्रकारांनी. सांता क्लारा प्वेब्लोच्या पाब्लिता वेलार्दे, सान इल्देफोन्सोचे आवा त्सिरे, ताओसच्या पॉप चाली. वेलार्दे तर १९३९ पासून बँडेलियर या राष्ट्रीय स्मारकासाठी सरकारी योजनेतून प्वेब्लो जीवनाची चित्रे काढत होत्या. म्हणजे चित्रकार होते, त्यांचे नाव होते, खुद्द विद्यापीठाच्या वास्तुकाराला ते माहीत होते. दुकानाला ते चालले आणि ग्रंथालयाला सुचले नाहीत. त्याआधी १९२२ मध्ये प्वेब्लोंच्या जमिनींवर गदा आणणारे बर्सम विधेयक आले, तेव्हा गावोगावचे प्वेब्लो एकत्र आले आणि ते हाणून पाडले गेले. सांता फेचे लेखक-चित्रकार त्यात त्यांच्या बाजूने उभे होते. त्या काळातल्या लोकांना ऐकू येत होते. ज्यांनी ऐकले नाही, त्यांना काळाचा आडोसा आपण देऊ नये.

चित्रे फोडावीत, असे मला वाटत नाही. कायम पडद्याआड ठेवावीत, असेही वाटत नाही, कारण पडद्याने चित्र झाकले जाते आणि त्याबरोबर विद्यापीठाची चूकही झाकली जाते. ती केव्हा आणि कशी दाखवायची हे ठरवणाऱ्या समितीत प्वेब्लो आणि इतर मूळनिवासी विद्यार्थी-प्राध्यापकांचा शब्द शेवटचा असावा. आणि समोरची भिंत त्यांच्या चित्रकारांना द्यावी, ग्रंथालयाच्या त्याच दालनात, तेवढ्याच मोठ्या मापाची. कोपऱ्यातली पाटी पुरणार नाही.

शिक्क्याच्या बाबतीत विद्यापीठाने पाऊल उचलले. जुन्या शिक्क्यावर तलवार घेतलेला स्पॅनिश विजेता आणि बंदूकधारी गोरा वसाहतवाला अशा दोन आकृत्या होत्या. १५९९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर ओन्याते याच्या सैन्याने अकोमा उद्ध्वस्त केले, शेकडो माणसे मारली, आणि उरलेल्यांतल्या २५ वर्षांवरच्या पुरुषांना एक पाय तोडण्याची शिक्षा सुनावली. अकोमाहून पदवी घ्यायला आलेल्या मुलीच्या प्रमाणपत्रावर त्याच विजेत्याची आकृती. वर बुरूज तिच्या गावचे! मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या कीवा क्लबने २०१६ च्या सुमारास यावर आवाज उठवला. तेव्हा तो मानला गेला नाही. २०२० मध्ये मात्र शिक्का वापरातून काढला. मला यात आशा दिसते. मुलांनी पहिला नकार पचवून मागणी सोडली नाही, हे त्या आशेचे कारण आहे.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ही शैलीच उसनी आणि कलंकित आहे, तर सोडून द्या, काचेच्या नव्या इमारती बांधा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मी अल्बुकर्कीच्या आल्वारादो हॉटेलची आठवण देईन. रेल्वे स्थानकालगतचे, १९०२ चे, लांब पडव्यांचे ते हॉटेल १९७० मध्ये पाडले गेले आणि शहराला त्याची हळहळ अजून आहे. हॉजिन हॉल किंवा झिमरमन ग्रंथालय सोडून दिल्याने अकोमाच्या माणसांना काय मिळेल? त्यांचे घेतलेले रूपही जाईल आणि त्याची आठवणही जाईल. ऋण मान्य करण्यापूर्वी वहीच जाळल्यासारखे होईल ते. शैली ठेवावी, ठराव ठेवावा, आणि तो पाळण्याच्या कामात ज्यांच्याकडून तो आला त्यांना बसवावे.

त्यासाठी बाहेर शोधायलाही जायला नको. याच विद्यापीठाच्या वास्तुशाखेत २०११ पासून मूळनिवासी रचना आणि नियोजनाची संस्था आहे, इस्लेता प्वेब्लोचे टेड जोजोला यांनी उभी केलेली. प्वेब्लो गावांच्या आराखड्यांवर ती तिथल्या लोकांबरोबर काम करते. आवारातल्या प्रत्येक नव्या इमारतीचा आराखडा मंडळापुढे जाण्याआधी या संस्थेपुढे जावा आणि तिचा नकार हा नकार मानला जावा. सल्ला विचारून बाजूला ठेवण्याची पद्धत तिथेही आहे आणि आपल्याकडेही, ती नको.

आणि एक लहान गोष्ट. स्कोल्स हॉलच्या समोर, त्या दोन बुरुजांच्या नजरेच्या टप्प्यात, खऱ्या मातीची एक भिंत असावी. अकोमाच्या आणि आसपासच्या प्वेब्लो गावांतल्या कारागिरांनी घातलेली, त्यांच्या मापाने, त्यांना योग्य वाटेल त्या जागी, योग्य तो मोबदला घेऊन. आत काँक्रीट नाही, वर सिमेंट नाही. उंच नसावी, कोणी तिच्याकडेला बसावे एवढीच. दोन पावसाळ्यांत तिचा लेप झिजेल, कोपरे गोल होतील. दर उन्हाळ्यात ती लिंपावी लागेल, आणि लिंपणाऱ्या बायकांना त्यासाठी दर उन्हाळ्यात विद्यापीठाने मानाने बोलवावे लागेल. विद्यार्थ्यांनी माती तुडवावी, पाणी आणावे, आणि हात कसा फिरवायचा ते त्यांच्याकडून शिकावे. या खर्चाची तरतूद एकदाच न करता वार्षिक अंदाजपत्रकात करावी लागेल.